आजऱ्याचा पाऊस आणि जगाचा पाऊस

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर, छपाईसाठी थोडा वाढवून)



भूगोलाच्या शिक्षकाला बोलायला उभे केले की तो नकाशा उघडणार, ही आपली अपेक्षा असणारच. ती मी थोडीफार पुरी करणार आहे. पण विषय मात्र आपल्या अंगणातला घेतला आहे. विषय आहे पाऊस.

आजऱ्याच्या माणसाला पाऊस काय शिकवायचा, असे कुणी म्हणेल. इथले मूल चालायला लागण्याआधी पावसाची झड बघते. जून लागला की कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल धरते, पुस्तकांच्या पानांना बुरशीचा वास येतो. तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस यांतला फरक आपल्या आजीला पंचांग न बघता कळतो. हे सारे खरे. पण ज्याची रोज गाठ पडते त्याचा हिशेब माणूस ठेवत नाही, आणि पावसाचा हिशेब न ठेवल्याने आपले नुकसान होत आले आहे. एप्रिलमध्ये परीक्षेच्या दिवसांत पहिल्या तासाला उशिरा येणाऱ्या मुलींना कारण विचारावे, तर बहुतेक वेळा उत्तर एकच मिळते : पाणी यायचे होते. जुलैत हजेरीपट उघडावा, तर नदीपलीकडच्या मुलांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा ओळीने दिसतात. बंधाऱ्यावर पाणी आलेले असते. पाऊस एकच, वर्षही एकच. एकदा पाणी जास्त म्हणून शाळा बुडते, एकदा पाणी नाही म्हणून. पालक सभेत मला अनेकांनी विचारले आहे की, गुरुजी, एवढा पाऊस पडतो तो जातो कुठे? त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आजऱ्याच्या बाहेर, बरेच लांब जाऊन यावे लागते.

प्रथम मापाविषयी. वर्तमानपत्रात आपण वाचतो, अमुक ठिकाणी शंभर मिलिमीटर पाऊस झाला. मागच्या पिढीतील लोक इंचात बोलत. पंचवीस मिलिमीटर म्हणजे जवळपास एक इंच. पण या मिलिमीटरचा अर्थ काय? पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही, वाळले नाही, तर सपाट जमिनीवर जेवढ्या उंचीचा थर साचेल ती उंची म्हणजे पाऊस. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. विद्यार्थ्यांनी हे वहीत लिहून ठेवावे, कारण पुढे याच एका वाक्यावर मी आपल्या घराच्या छपराचा हिशेब मांडणार आहे. बर्फ आणि गाराही वितळवून याच मापाने मोजतात. म्हणून भूगोलात पाऊस, बर्फ, गारा या सर्वांना मिळून वृष्टी असा शब्द आहे.

आता आपला तालुका घ्या. आजऱ्याला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. येथून पश्चिमेला तीस-पस्तीस किलोमीटरवर आंबोली आहे. तेथे तो सात हजारांच्या पुढे जातो. पूर्वेला वीसेक किलोमीटरवर गडहिंग्लज. तेथे हजाराच्या आत-बाहेर. म्हणजे सकाळी आंबोलीहून निघालेली एस. टी. दुपारपूर्वी गडहिंग्लजला पोहोचते, तेवढ्या अवधीत पाऊस सातावा हिस्सा उरतो. जिल्हाभर पाहिले तर गगनबावड्याला पाच-सहा हजार आणि शिरोळला पाचशेच्या जवळपास. एका जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत दहापटीचा फरक! 

हे का घडते? नैर्ऋत्येकडून अरबी समुद्रावरचे वारे बाष्प घेऊन येतात. सह्याद्रीची भिंत आडवी येते. वाऱ्याला मागे जाता येत नाही, म्हणून तो वर चढतो. वर चढलेली हवा पसरते व थंड होते, आणि थंड हवेत बाष्प धरून ठेवण्याची ताकद कमी असते. चहाच्या किटलीवर थंड ताटली धरली की तिला पाणी सुटते, तसेच. आंबोली सुमारे सातशे मीटर उंचीवर, अगदी या भिंतीच्या माथ्यावर बसली आहे. म्हणून ओझे तेथे उतरते. माथा ओलांडल्यावर हवा खाली उतरू लागते, उतरताना तापते, तापली की ढग विरतात. यालाच पाठ्यपुस्तकात प्रतिरोध पर्जन्य आणि पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. पुस्तकात उदाहरण महाबळेश्वर आणि वाईचे असते. माझी विद्यार्थ्यांना सूचना आहे की परीक्षेत आंबोली, आजरा, गडहिंग्लज असे लिहावे. उत्तर तितकेच बरोबर आहे आणि शिवाय ते आपण डोळ्यांनी पाहिलेले आहे. आजऱ्याच्या पश्चिम भागातली झड आणि पूर्व भागातली उघडीप एकाच दिवशी आपण कितीदा अनुभवतो!

हीच गोष्ट मेघालयात आणखी मोठ्या प्रमाणावर घडते. बंगालच्या उपसागरावरून आलेले वारे बांगलादेशाच्या सपाट प्रदेशावरून विनाअडथळा येतात आणि खासी टेकड्यांना धडकतात. तेथे मौसिनराम आणि चेरापुंजी ही गावे आहेत. मौसिनरामची वार्षिक सरासरी सुमारे ११,८७० मिलिमीटर, जगात सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणली जाणारी. चेरापुंजीला ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे साडेसव्वीस मीटर. आठ मजली इमारत बुडेल एवढा. आणि तेथून पन्नासेक किलोमीटरवरचे शिलाँग? तेथे बावीसशेच्या आसपास, जवळजवळ आपल्या आजऱ्याइतका. डोंगराच्या माथ्याचे एक गाव आणि माथ्यामागचे एक गाव, ही जोडी जगात जागोजागी सापडते.

पण चेरापुंजीची खरी सांगण्यासारखी गोष्ट विक्रमाची नाही. इतका पाऊस पडणाऱ्या त्या गावात हिवाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई होते, बायका दूरवरून पाणी आणतात. उतार तीव्र, मातीचा थर धुऊन गेलेला, पाऊस काही महिन्यांत कोसळून मैदानाकडे पळालेला. आजऱ्याच्या वाड्यावस्त्यांवर राहणाऱ्यांना ही कथा ओळखीची वाटेल.

केवळ डोंगर असला म्हणजे पाऊस पडतो असेही नाही, आणि समुद्र जवळ असला म्हणजे पडतो असेही नाही. नकाशावर एक आडवी रेघ काढू या. नागपूर २१ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या किंचित वर आहे. तीच रेघ पश्चिमेकडे अरबी समुद्र ओलांडून नेली, तर ती मक्केच्या अगदी जवळून जाते. दोन्ही शहरांवर सूर्य जवळपास सारखाच तळपतो. मक्केपासून तांबडा समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आहे. नागपूरपासून समुद्र कुठल्याही बाजूने कितीतरी लांब. साध्या तर्काने मक्केला पाऊस अधिक हवा. प्रत्यक्षात नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मक्केला शंभर-सव्वाशे मिलिमीटर. आपल्यापैकी ज्यांनी हज किंवा उमरा केला आहे, त्यांनी ते कोरडे डोंगर पाहिले आहेत.

याचे कारण जमिनीवर नव्हे, वर आकाशात आहे. विषुववृत्ताजवळ सूर्य डोक्यावर, हवा तापून वर चढते, तेथे ढग होतात, रोज पाऊस पडतो. वर गेलेली ती हवा कोरडी होऊन उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे सरकते व साधारण ३० अंशांच्या आसपास खाली उतरते. उतरणारी हवा तापते आणि ढगाला आकार घेऊ देत नाही. पृथ्वीभोवती हा कोरडा पट्टा दोन्ही गोलार्धांत आहे. सहारा, अरबस्तान, ऑस्ट्रेलियाचे वाळवंट, दक्षिण आफ्रिकेतले कलहारी हे सर्व त्याच पट्ट्यातले. भारताचा उत्तर भागही त्याच पट्ट्यात येतो. नियमाप्रमाणे गंगेचे खोरे अर्धेअधिक वाळवंट असायला हवे होते. ते तसे नाही याचे कारण मान्सून. उन्हाळ्यात आशियाची प्रचंड भूमी तापते, वाऱ्याची दिशाच फिरते आणि समुद्राचे बाष्प हजारो किलोमीटर आत ओढले जाते. जगात इतरत्रही मोसमी पाऊस आहे, पण इतक्या मोठ्या प्रदेशाला आणि इतक्या माणसांना पोसणारा दुसरा नाही.

मान्सून हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला असला, तरी मूळ अरबी ‘मौसिम’ आहे. मोसम, मोसमी वारे हे मराठी शब्दही त्याच घरचे. वाऱ्याच्या या उलटापालटीवर अरब खलाशांचा सारा व्यापार चाले. बगदादचा प्रवासी व इतिहासकार अल-मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीस आपल्या कोकणात चौलच्या बंदरात येऊन गेला, आणि समुद्रावरचे वारे ऋतूप्रमाणे कसे दिशा बदलतात याचे वर्णन त्याने लिहून ठेवले. पंधराव्या शतकातील इब्न माजिद या दर्यावर्दीने तर कोणत्या बंदरातून कोणत्या दिवसांत निघावे याचे पूर्ण शास्त्रच ग्रंथबद्ध केले. युरोपात एडमंड हॅलीने १६८६ मध्ये व्यापारी वारे आणि मोसमी वारे यांची कारणमीमांसा नकाशासह मांडली. मुलांनी हे लक्षात ठेवावे ते अभिमानासाठी नव्हे. या लोकांनी वारा मोजला, वाऱ्याच्या तारखा लिहून ठेवल्या, त्या नोंदींवर जहाजे सोडली, एवढे लक्षात राहिले तरी पुरे.

आपल्या गावची पुष्कळ मंडळी नोकरीसाठी आखातात आहेत. त्यांच्यापैकी ओमानात असणाऱ्यांना सलालाह हे शहर माहीत असेल. आपला हाच नैर्ऋत्य मोसमी वारा तेथल्या किनाऱ्याला जाता जाता घासून जातो. जून ते सप्टेंबर धोफारचे डोंगर धुक्याने आणि भुरभुर पावसाने हिरवेगार होतात. लोक त्या ऋतूला खरीफ म्हणतात आणि आखातभरातून सहलीला येतात. मोजायला गेले तर पाऊस आपल्या मानाने फार थोडा असतो. पण झाडांच्या पानांवर धुके पकडले जाते, ठिबकते आणि डोंगर जिवंत राहतो. आपला खरीप हंगाम आणि त्यांचा खरीफ, शब्द एकच. अरबीत त्याचा मूळ अर्थ शरद ऋतू असा आहे.

याच्या उलट टोकाला दक्षिण अमेरिकेत चिली देशाचे आरिका बंदर आहे. अगदी समुद्रकाठी. वार्षिक सरासरी एक मिलिमीटरही नाही. ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ या चौदा वर्षांत तेथे पावसाची नोंदच नाही. किनाऱ्यालगत थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्यामुळे खालची हवा थंड व जड राहते, वर चढत नाही. आणि वर चढल्याशिवाय पाऊस नाही. आणखी एक गंमत सांगतो. बर्फाने झाकलेला अंटार्क्टिका खंड हासुद्धा आतल्या भागात वाळवंटच आहे. तेथे वर्षाला पडणारे हिम वितळवले तर पन्नास मिलिमीटरही भरत नाही. हवा इतकी थंड की तिच्यात बाष्पच मावत नाही. पडलेले वितळत नाही, म्हणून लाखो वर्षांचे साचले आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आतापर्यंत मी वार्षिक सरासरी सांगत आलो. विद्यार्थी तीच पाठ करतात आणि आपण मोठी माणसेही तीच बोलतो. पण सरासरीचा आकडा पावसाविषयी फार थोडे सांगतो.

सिंगापूर घ्या. तेथे वर्षाला सुमारे एकवीसशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे आजऱ्याइतकाच म्हणा. पण सिंगापूर विषुववृत्ताजवळ आहे. सकाळी ऊन, दुपारी ढग, मग विजांसह सर, हा क्रम तेथे बारा महिने. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव येतो ना, त्याच जातीचा, आरोह पर्जन्य. तेथला सर्वांत कोरडा महिना फेब्रुवारी, आणि त्या महिन्यातही सरासरी शंभरेक मिलिमीटर पडतो. आपल्याकडे फेब्रुवारीत काय पडते ते आपण जाणताच. आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्यातही मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये. आकडा सारखा, पण त्यांची झाडे वर्षभर पाणी पितात, आपली विहीर मार्चपासून तळ दाखवू लागते.

किंवा लंडन घ्या. पावसाचे शहर म्हणून त्याची ख्याती, माणसे छत्रीशिवाय बाहेर पडत नाहीत असे आपण वाचतो. वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास! आपल्या शिरोळपेक्षा फार जास्त नाही आणि आजऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. पण तो दर महिन्याला थोडा थोडा, बारीक बारीक पडतो. उष्ण आणि थंड हवेच्या झुंजीतून निर्माण होणारा आवर्त पाऊस. ऊनही मवाळ, त्यामुळे पडलेले पाणी उडून जात नाही. शिरोळचे ऊन मात्र पडणाऱ्या पावसापेक्षा कितीतरी जास्त पाणी पिऊन टाकू शकते. म्हणूनच जगाच्या हवामानाचे वर्गीकरण करणाऱ्या कोपेन या शास्त्रज्ञाने कोरडा प्रदेश कोणता हे ठरवताना नुसता पाऊस पाहिला नाही. तापमान किती आणि पाऊस कोणत्या ऋतूत, हेही त्याने सूत्रात धरले. सहाशे मिलिमीटर पाऊस एका देशात गवताची कुरणे देतो आणि दुसऱ्या देशात चारा-छावण्या.

सरासरीची दुसरी फसवणूक एका-एका दिवसाची आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याला सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटर. मुंबईत त्या दिवशी पाऊस किती, या प्रश्नाला काय उत्तर द्याल? १६ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातीत अल ऐन भागातील एका केंद्रावर चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. तेथल्या नोंदी १९४९ पासूनच्या; त्यात हा सर्वाधिक. दुबईचे विमानतळ पाण्याखाली गेले, आणि आपल्या कित्येक घरांतून त्या रात्री फोन लागत नव्हते म्हणून कुणी झोपले नाही. आंबोलीला तेवढा पाऊस जुलैत एखाद्या दिवशी सहज पडतो आणि त्याची बातमीही होत नाही. पाऊस किती पडला यापेक्षा तो जमिनीला ओळखीचा आहे की नाही, यावर पूर ठरतो. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तेव्हा तापत्या पृथ्वीवर असे एकदम कोसळणारे दिवस वाढणार, हे उघड आहे.

आणि आपल्या जिल्ह्यातला तो विचित्र न्याय! ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा, जुलै २०२१ चा आठवा. पाऊस कोसळला राधानगरी, गगनबावड्याच्या डोंगरात. पाणी कुठे थांबले? पंचगंगा आणि कृष्णा जेथे मिळतात त्या शिरोळ तालुक्यात. म्हणजे जिल्ह्यात सर्वांत कमी पाऊस पडणाऱ्या तालुक्यात. नदी ही दुसऱ्याचा पाऊस तुमच्या दारात आणणारी वाट आहे. आपली हिरण्यकेशीही आंबोलीला उगम पावते, आजऱ्यावरून गडहिंग्लजकडे जाते, पुढे घटप्रभेला मिळते. आपल्याला पश्चिमेचा पाऊस मिळतो आणि आपण तो पूर्वेला देतो. जून ते सप्टेंबर भरपूर देतो. एप्रिलमध्ये द्यायला काही उरत नाही.

मग आपण करायचे काय? पाटबंधारे खात्याच्या योजनांवर बोलणे माझे काम नव्हे. चित्रीसारखी धरणे झाली, त्यांचा उपयोग डोळ्यांसमोर आहे. मी फक्त एका घराचा हिशेब मांडतो. पालकांनी ऐकावे, आठवी-नववीच्या मुलांनी तो ताडून पाहावा.

वीस फूट रुंद आणि सत्तावीस फूट लांब असे कौलारू किंवा पत्र्याचे छप्पर धरा. ते झाले पन्नास चौरस मीटर. आजऱ्याचा पाऊस दोन हजार मिलिमीटर. मघाचे वाक्य आठवा : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. पन्नास गुणिले दोन हजार, एक लाख लिटर. पाचवा हिस्सा उडाला, सांडला, वाया गेला असे समजा. ऐंशी हजार लिटर उरले. सरकारी पाणीपुरवठ्याचे ग्रामीण माप माणशी रोज पंचावन्न लिटर आहे. पाच माणसांच्या घराला रोज पावणेतीनशे लिटर. ऐंशी हजार लिटर त्या घराला दोनशे नव्वद दिवस पुरतात. म्हणजे साडेनऊ महिने! तुमच्या छपरावरून दर वर्षी एवढे पाणी पन्हळीतून गटारात आणि गटारातून नदीत जाते. शिरोळला हेच छप्पर असते, तर अडीच महिनेही भागले नसते.

पण थांबा, येथेच पावसाचे वाटप आडवे येते. पाणी मिळते चार महिने, लागते बारा महिने. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांचे पूर्ण पाणी साठवायचे तर सहासष्ट हजार लिटरची टाकी हवी; ती कुणा सामान्य माणसाच्या परसात मावायची नाही. सिंगापूरच्या माणसाला याच छपराखाली लहानशी टाकी पुरेल, कारण ती दर आठवड्याला पुन्हा भरते. तेव्हा साऱ्या घराचे पाणी छपरावरून घेण्याची भाषा करणारा एकतर हिशेब करत नाही, किंवा टाक्या विकतो.

मात्र एप्रिल आणि मे या दोन महिन्यांचे फक्त पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी घ्या. माणशी रोज पाच लिटर धरले, तर पाच माणसांना एकसष्ट दिवसांत पंधराशे पंचवीस लिटर. दोन हजार लिटरची टाकी बस झाली. आणि ती भरायला किती पाऊस लागतो? पन्नास मिलिमीटर. आजऱ्यात तो एका झडीच्या दिवसाचा ऐवज आहे. पहिल्या पावसाचे पाणी घेऊ नये. छपरावरची धूळ, पाला, पक्ष्यांची घाण त्यात असते. जून-जुलैत छप्पर धुऊन निघू द्यावे, टाकी घासून ठेवावी, आणि उत्तरा-हस्ताच्या पावसात कापडातून गाळून ती भरून घ्यावी. झाकण घट्ट, उजेड आत जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरते. डास शिरणार नाही याची काळजी. मग मार्च संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही. पिण्यापूर्वी पाणी उकळावे. माझ्या मते परीक्षेच्या महिन्यात मुलगी वेळेवर शाळेत यायला याहून स्वस्त उपाय नाही. विजापूरकरांकडे आपल्या चतकोराहून थोडासाच जास्त पाऊस. पण सतराव्या शतकात आदिलशाहीत त्यांनी तलाव बांधून मातीच्या नळांनी शहरात पाणी खेळवले. आपण पावसात श्रीमंत, म्हणून निष्काळजी.

शेवटची गोष्ट शेतकरी पालकांसाठी, आणि ही पैशाची आहे. शासनाच्या निकषानुसार एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी धरली जाते आणि पिकांच्या नुकसानीचे पंचनामे पुढे सरकतात. आता मंडळात गावे अनेक, आणि पाऊस मोजणारे यंत्र एका ठिकाणी. आपल्या तालुक्यात दहा किलोमीटरवर पाऊस किती बदलतो ते मी मघाशी सांगितलेच आहे. तुमच्या शिवारात बांध फुटला, भाताचे रोप वाहून गेले, घनसाळची लावण चिखलात गाडली गेली, आणि यंत्राने पन्नास मिलिमीटर दाखवले, तर कागदावर तुमच्याकडे अतिवृष्टी झालीच नाही. अर्ज करताना हातात काय असते? फक्त तोंडचे बोलणे. गावोगावची रोजची नोंद असती, तर ती सरकारी पुरावा ठरली नसती. पण तलाठ्यापुढे, कृषी सहायकापुढे बोलायला एक आधार झाला असता, आणि दहा वर्षांच्या नोंदी जमल्यावर यंत्र आणखी कुठे हवे हे तरी दाखवता आले असते.

म्हणून येत्या जूनपासून आठवी ते दहावीच्या मुलांनी आपापल्या वाडीचा पाऊस मोजावा असे ठरवले आहे. साहित्य काही विकत आणायचे नाही. वर-खाली सारख्या मापाचा, सरळ उभ्या कडांचा पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. उंची फूटभर तरी हवी; पश्चिम भागातल्या मुलांनी याहून उंच घेतला तर उत्तम, त्यांचे डबे भरून वाहतील अशी मला खात्री आहे. तोंड लहान की मोठे याने फरक पडत नाही. मोठ्या डब्यात पाणी जास्त पडते, पण ते पसरतेही जास्त जागेत. उंची तीच राहते. यावर वर्गात दर वर्षी भांडण होते, तेव्हा दोन डबे शेजारी ठेवून बघावे. डबा मोकळ्या जागेत, झाडापासून आणि घरापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, जमिनीवरचे शिंतोडे आत उडणार नाहीत असा दगडावर घट्ट बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टी उभी धरून पाणी मोजावे, कारण हवामान खातेही त्याच वेळी मोजते; मग आपले आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. शाळेच्या दिवशी निघायची घाई असेल तर घरच्या मोठ्यांपैकी कुणी हे काम करावे. दादी किंवा नानी असेल तर तिच्याकडेच द्यावे. वेळ चुकणार नाही. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. रकाना कोरा ठेवू नये. कोरा रकाना म्हणजे मोजलेच नाही. डबा रिकामा करून पुन्हा जागेवर ठेवावा.

वह्या आखून तयार आहेत. तारीख, मिलिमीटर, आणि शेवटी एक शेऱ्याचा रकाना आहे : झड, वळीव, गारा, धुके, बंधाऱ्यावर पाणी, जे असेल ते. ज्या वाड्यांतून एकही विद्यार्थी आठवीच्या वर नाही, तेथील पालकांनी स्वतः वही न्यावी. कार्यक्रम संपल्यावर मी कार्यालयाशेजारच्या खोलीत बसलेलो आहे.